लिंक कुणाकडून आली?

१

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात एकच फॉर्म माझ्या फोनवर तीनदा आला. आधी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, मग तालुक्याच्या बातम्या टाकणाऱ्या ग्रुपवर, आणि शेवटी एका नातलगाकडून, 'जरा पुढे पाठवा' अशा विनंतीसह. फॉर्म हंगामी स्थलांतर करणाऱ्या कामगारांसाठी होता. पहिला रकाना ईमेलचा होता आणि तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. दुसरा प्रश्न असा : 'मागील वर्षी आपण कामासाठी तालुक्याबाहेर गेला होता का?' मी बिलोलीत राहतो. समाजशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. कामासाठी तालुक्याबाहेर जातो तो पेन्शनच्या कागदांसाठी नांदेडला. मी 'होय' या शब्दावर बोट ठेवले असते तर त्या संशोधनात एक स्थलांतरित कामगार वाढला असता, आणि ते कुणाच्या लक्षातही आले नसते.

मी फॉर्म भरला नाही, पुढेही पाठवला नाही. पण तो करणाऱ्यांची चेष्टा करावी असेही मला वाटत नाही. ज्यांची कुठेच यादी नाही, जे घरी सापडत नाहीत, जे सापडले तरी बोलायला कचरतात, अशा लोकांपर्यंत पोचण्यासाठी समाजमाध्यमांचा आधार घेणे ही आता संशोधनातली रूढ रीत झाली आहे. कोविडच्या काळात दारोदार जाणे बंद झाले आणि ती आणखी रुळली. पीएच.डी.चे प्रबंध, संस्थांचे अहवाल, वर्तमानपत्रांतली 'सर्वेक्षणे' आज या वाटेने येतात. त्या अहवालांवर योजना ठरतात, निधी जातो. म्हणून ही रीत नेमके काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे तपासणे गरजेचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. समाजमाध्यमाचे जाळे माणसाला संशोधकाच्या जवळ आणते, पण वाटेतला मध्यस्थ त्याने नाहीसा होत नाही. उलट तो दिसेनासा होतो, आणि हेच अधिक धोक्याचे आहे. ज्या अभ्यासाने आपल्या अहवालात हा मध्यस्थ दाखवला, तो अभ्यास लहान असला तरी विश्वासाचा. ज्याने तो झाकला, त्याचे आकडे लाखांत असले तरी फारसे उपयोगाचे नाहीत.

२

आधी या पद्धतीमागची अडचण समजून घेऊ. सर्वेक्षणाचे सगळे गणित एका यादीवर उभे असते. मतदारयादी, घरांची यादी, शाळेचा पट असे काहीतरी हाती असेल तर त्यातून चिठ्ठ्या टाकून नावे काढता येतात, आणि थोड्यांना विचारून सगळ्यांबद्दल बोलता येते. पण सुया टोचून नशा करणाऱ्यांची यादी कोण देणार? कागदपत्रांशिवाय परक्या शहरात राहणाऱ्यांची कोण देणार? शास्त्रात अशा समूहांना 'छुपे' किंवा 'पोचायला अवघड' म्हणतात.

यावरचा जुना तोडगा म्हणजे ओळखीतून ओळख काढत जाणे. एक माणूस सापडला की त्याने दुसरा दाखवायचा, दुसऱ्याने तिसरा. लिओ गुडमन यांनी १९६१ मध्ये या 'स्नोबॉल' रीतीला गणिती रूप दिले. बर्फाचा गोळा आमच्याकडच्या कुणी पाहिलेला नसला तरी वर्गात आम्ही ती याच नावाने शिकवत आलो. तिचा दोष उघड आहे : पहिला माणूस ज्या वर्तुळातला, त्याच वर्तुळात अभ्यास फिरत राहतो.

हा दोष कमी करण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न डग्लस हेकाथॉर्न या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने केला. १९९७ मध्ये त्यांनी कनेक्टिकट राज्यातल्या नशा करणाऱ्यांच्या अभ्यासावरून एक पद्धत मांडली. आलेल्या प्रत्येक माणसाला मोजकी कूपने द्यायची. ती त्याने आपल्या ओळखीच्या, त्याच समूहातल्या लोकांना द्यायची. मुलाखत दिल्याचा मोबदला वेगळा आणि माणूस आणल्याचा वेगळा. कूपनावर क्रमांक असल्याने कोण कुणामार्फत आला हे नोंदले जाते. शिवाय प्रत्येकाला विचारायचे, 'तुमच्यासारखी किती माणसे तुम्हाला ओळखतात?' ज्याच्या ओळखी जास्त, तो अभ्यासात ओढला जाण्याची शक्यता जास्त. म्हणून हिशेब करताना त्याच्या उत्तराचे वजन कमी धरायचे. कूपने मोजकीच असल्याने एखाद्या बोलक्या माणसाची सगळी गोतावळ नमुन्यात भरली जात नाही. भारतातही एचआयव्हीच्या अभ्यासांत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. २०१२-१३ मध्ये अनेक शहरांत मिळून २६ हजारांहून अधिक लोकांपर्यंत अशा कूपनांनी पोचता आले.

या पद्धतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती नोंद. माणूस आला, एवढे पुरत नाही. कुणाकडून आला, हेही लिहिले जाते. माझ्या फोनवर आलेल्या फॉर्ममध्ये नेमके तेच नव्हते.

३

समाजमाध्यमांच्या वापराचे सर्वांत यशस्वी म्हणून दाखवले जाणारे उदाहरण युरोपातले आहे. श्टेफेन प्योट्श्के आणि मिखाएल ब्राउन या जर्मन संशोधकांनी ऑस्ट्रिया, आयर्लंड, स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या चार देशांतल्या पोलिश स्थलांतरितांना फेसबुकवरच्या जाहिरातींमधून गाठले. त्यांचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. जाहिरातींवरचा खर्च सुमारे पाचशे युरो, काळ चार आठवडे, आणि पूर्ण भरलेल्या प्रश्नावल्या अकराशेच्या आसपास. दारोदार फिरून हे काम करायचे असते तर खर्च कित्येक पट झाला असता. या निबंधाचा हवाला पुढे अनेकांनी दिला, आपल्याकडच्या प्रबंधांतही तो सापडतो.

पण तो अभ्यास यशस्वी का झाला, हे क्वचितच सांगितले जाते. पोलंडमधून आलेला माणूस फेसबुकला माहीत होता. त्याचे खाते त्याचे एकट्याचे होते, फोन त्याचा होता, तो लिहूवाचू शकत होता, आणि त्या देशांत राहण्याचा त्याला कायदेशीर हक्क होता. लपण्याचे कारण नव्हते. फक्त त्याची यादी नव्हती. 'यादी नसलेला' आणि 'लपलेला' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही पद्धत पहिल्याला गाठते.

दुसरे असे की कुणाला कशावरून निवडता येईल हे जाहिरात विकणारी कंपनी ठरवते. जानेवारी २०२२ पासून फेसबुकने आरोग्य, धर्म, राजकीय मत, लैंगिकता यांसारख्या संवेदनशील बाबींशी जोडलेले निवडीचे पर्याय जाहिरातदारांसाठी काढून टाकले. त्यांचा गैरवापर होत होता, म्हणून ते काढणे योग्यच होते. पण संशोधकाच्या दृष्टीने पाहिले तर नमुना निवडण्याचे हत्यार एका दिवसात हातातून गेले. ज्या यादीवर आपले नियंत्रण नाही आणि जी कशी बनली हे आपल्याला दाखवले जात नाही, तिच्यावर शास्त्र उभे करण्यातली ही जोखीम आहे.

४

आता ही पद्धत बिलोलीत आणून पाहू. आमचा तालुका तेलंगणाला लागून आहे. १९५६ पर्यंत आम्ही हैदराबाद राज्यात होतो. आजही इथून नांदेडपेक्षा बोधन जवळ पडते. बोधनजवळच्या शक्करनगरचा निजामाच्या काळातला साखर कारखाना २०१५ अखेर बंद पडेपर्यंत पलीकडच्या कामाचे मोठे ठिकाण होता. नाती दोन्हीकडे आहेत. घरात तेलुगू, बाजारात मराठी, मोहल्ल्यात दखनी, तांड्यावर गोरमाटी, आणि एकाच माणसाच्या तोंडी यांतल्या तीन. मांजरेच्या काठाला फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि माणूस जागचा न हलता दुसऱ्या राज्यात जातो. 'कामासाठी परराज्यात गेला होता का?' या प्रश्नाला इथला माणूस काय उत्तर देईल? सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्याला ते परराज्य वाटतच नाही.

फोनचेही असेच आहे. फॉर्म धरून चालतो की एक फोन म्हणजे एक माणूस. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरता येईल असा फोन असलेल्या ५४ टक्के होत्या. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के. त्यानंतर फोन वाढले आहेत, पण ज्यांना आपण 'पोचायला अवघड' म्हणतो त्या या सरासरीच्या खालच्याच बाजूला असणार.

तो फॉर्म मी आमच्या गल्लीत धुण्याभांड्याला येणाऱ्या एका बाईंना वाचून दाखवला. त्यांचा मुलगा आणि सून हैदराबादेत बांधकामावर असतात; त्या स्वतः पूर्वी ऊसतोडीला जात. त्यांनी आधी विचारले, "हे रेशनचं हाय का सर?" नाही म्हटल्यावर, "मग घरकुलाचं?" तेही नाही म्हटल्यावर त्यांनी पदराला हात पुसत सांगितले, "मग लेकाला विचारा. फोन त्याच्याकडंच असतो."

या तीन वाक्यांत पद्धतशास्त्राचा एक धडा आहे. गरीब माणसाच्या अनुभवात फॉर्म म्हणजे योजना. फॉर्म आला की तो लाभाच्या अपेक्षेने वाचला जातो आणि लाभ मिळेल अशा बेताने भरला जातो. लाभ नाही असे कळले तर तो घरातल्या त्या माणसाकडे जातो ज्याच्या हाती फोन आहे. मग स्त्रीच्या दुखण्यांविषयीच्या प्रश्नाचे उत्तर तिचा मुलगा देतो. आकडा स्त्रीच्या खात्यात पडतो.

५

सगळ्यात कठीण पेच ऊसतोडीचा आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या दिवसांत मराठवाड्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून टोळ्या निघत असतील. आमच्याकडे मुखेड-कंधारकडच्या तांड्यांतून त्या जातात. बीड तर त्यांचा जिल्हाच. नवरा-बायको मिळून एक कोयता. अशा कोयत्यांची टोळी, टोळीवर मुकादम. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून मुकादम पैसे उचलतो आणि कोयत्यांना उचल वाटतो. ती हंगामभर तोडून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या वर्षावर.

या लोकांना 'पोचायला अवघड' म्हणतात. पण मुकादम त्यांच्यापर्यंत दरवर्षी दसऱ्याच्या आधी पोचतो. निवडणुकीच्या वर्षी उमेदवार फडात गाडी पाठवून त्यांना मतदानाला घेऊन येतो. सावकार पोचतो. पोचत नाही ती शाळा, आरोग्यसेवा, आणि आम्ही संशोधक. तेव्हा 'पोचायला अवघड' हे त्या माणसांचे वर्णन नाही, आमच्या वाटेचे आहे. हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न सुचतो : त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या ज्या वाटा आधीच आहेत, त्या कुणाच्या ताब्यात आहेत?

माझा एक जुना विद्यार्थी आता मुकादमी करतो. त्याला मी सहज या फॉर्मविषयी विचारले. तो मनापासून मदत करायला तयार झाला. म्हणाला, "सर, तुम्ही फक्त सांगा. टोळीचा ग्रुप हाय आपला. रातोरात शंभर भरून देतो. ज्याला येत नाही त्याचं मीच भरतो." त्यात लबाडी नव्हती. गुरुजींचे काम अडायला नको, एवढाच भाव होता. पण उचल किती घेतली, व्याज लागते का, मध्येच परत यायचे म्हटले तर काय होते, हे प्रश्न त्याच फॉर्ममध्ये होते आणि त्यांची उत्तरे तो स्वतःच भरणार होता.

हेकाथॉर्न यांच्या गणिताची एक अट इथे आठवावी. ओळख दोन्ही बाजूंनी असली पाहिजे. जो मला बोलावू शकतो त्याला मीही बोलावू शकलो पाहिजे. मित्रांमध्ये ती अट बऱ्यापैकी पाळली जाते. मुकादम आणि कोयता यांच्यात ती मोडते. मुकादमाच्या ग्रुपवर अनेकदा फक्त अॅडमिनच संदेश टाकू शकतो, बाकीच्यांनी वाचायचे. लिंक खाली येते, वर जात नाही. आडवीही सहज जात नाही, कारण एका टोळीतल्या बायकांचा आपसातला ग्रुप नसतो. त्यांची बोलणी पाणवठ्यावर आणि कोपीपुढच्या चुलीजवळ होतात. म्हणजे ज्या जाळ्याला आपण 'सामाजिक' म्हणतो, ते इथे कामाच्या उतरंडीचीच नक्कल आहे. त्यातून मिळालेला नमुना उतरंडीच्या टोकाकडून गाळून आलेला असतो.

याच क्षेत्रातले दुसरे उदाहरण समोर ठेवावे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जात आहेत, हे पत्रकारांनी आणि स्त्री-संघटनांनी उघड केल्यावर २०१९ मध्ये शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे सहाजणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटातले प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्हीकडचे वयोगट सारखे नसल्याने थेट तुलना जपून करावी, पण तफावत केवळ वयाने उलगडेल अशी नाही. माझा मुद्दा पोचण्याचा आहे. ओरड झाली आणि यंत्रणा हलली, तेव्हा एका जिल्ह्यात ऐंशी हजारांवर स्त्रियांपर्यंत जाता आले. त्या आधीही तिथेच होत्या.

६

समर्थक म्हणतील, एकेक फॉर्म सदोष असेल, पण हजारो आले की चुका एकमेकींना खोडून काढतात. हा समज फार जुना आहे आणि तो फार जुन्या काळीच खोटा ठरलेला आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या. पत्ते मुख्यतः दूरध्वनीच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदणीतून घेतलेले. तेवीस-चोवीस लाख परत आल्या. लँडन जिंकणार असा त्यांचा निष्कर्ष होता. रुझवेल्ट सुमारे ६१ टक्के मते घेऊन निवडून आले. मंदीच्या काळात ज्यांच्याकडे फोन आणि मोटार होती, त्यांनाच विचारले गेले होते. आणि त्यातही ज्यांना उत्तर देण्याची हौस होती त्यांनीच दिले.

पंचाऐंशी वर्षांनी तेच पुन्हा घडले. कोविडच्या लसीकरणाचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकेत फेसबुकच्या वापरकर्त्यांकडून आठवड्याला सुमारे अडीच लाख उत्तरे जमवली जात होती. डिसेंबर २०२१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या एका निबंधाने दाखवले की मे २०२१ मध्ये या पाहणीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा १७ टक्के-बिंदूंनी जास्त होता. त्याच काळात आठवड्याला हजारेक माणसांची, पण नीट निवडलेल्या नमुन्याची एक छोटी पाहणी बरीच अचूक निघाली. या निबंधाचे एक लेखक, संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांचा हिशेब असा की त्या अडीच लाख उत्तरांमधली खरी माहिती चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या जेमतेम दहा माणसांइतकी होती. आणखी वाईट म्हणजे उत्तरे जितकी वाढतात तितका चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास वाढतो.

हे सारे अमेरिकेतले, जिथे बहुतेकांकडे फोन आहे. तिथे अडीच लाखांची किंमत दहा होत असेल, तर फडातल्या एका फोनवरून रातोरात भरलेल्या शंभर फॉर्मांची किंमत किती धरावी?

७

तरीही ही वाट टाकून द्यावी असे मी म्हणत नाही, कारण एक उदाहरण मला तसे म्हणू देत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि परराज्यांत अडकलेले लाखो कामगार एकाएकी कुणाच्याच यादीत उरले नाहीत. तेव्हा काही स्वयंसेवकांनी 'स्ट्रँडेड वर्कर्स अॅक्शन नेटवर्क' नावाचे जाळे उभे केले. कामगाराचा फोन यायचा, स्वयंसेवक त्याच्या गटाची परिस्थिती विचारून लिहून घ्यायचे, जमेल तेवढी मदत पोचवायचे, आणि तो माणूस पुढच्या अडकलेल्या गटाला तोच नंबर द्यायचा. १५ एप्रिलला त्यांचा पहिला अहवाल आला तेव्हा ११,१५९ कामगारांशी संबंध आला होता, आणि त्यात महाराष्ट्रात अडकलेलेही होते. त्यातल्या ९६ टक्क्यांना सरकारी रेशन मिळालेले नव्हते, ८९ टक्क्यांना टाळेबंदीच्या काळातली मजुरी मिळालेली नव्हती, आणि निम्म्यांकडे एक दिवसही पुरेल एवढे धान्य उरले नव्हते.

हा नमुना चिठ्ठ्या टाकून निवडलेला नव्हता. ज्यांचे पोट भरलेले होते त्यांनी फोन केलाच नसणार, म्हणून ९६ हा आकडा देशातल्या सगळ्या स्थलांतरितांना लावता येत नाही. पण इथे ही मर्यादा लपलेली नव्हती. ही संकटात सापडून मदत मागणाऱ्यांची नोंद आहे, हे अहवाल वाचणाऱ्याला कळत होते. दावाही तेवढाच होता : एवढी माणसे उपाशी आहेत. त्या दाव्यासाठी टक्केवारी अचूक असण्याची गरजच नव्हती. आणि जाळे चालले, कारण त्यात लिंकच्या बदल्यात काहीतरी परत येत होते. फोन करणाऱ्याला धान्य मिळत होते, निदान कुणीतरी ऐकत होते. हेकाथॉर्न यांच्या कूपनामागेही हेच तत्त्व आहे, फक्त तिथे ते मोबदला म्हणून येते. माझ्या फोनवरचा फॉर्म मात्र वेळ मागत होता, नाव मागत होता, आणि शेवटी 'आपला प्रतिसाद नोंदवला गेला आहे' असे सांगून बंद होणार होता.

८

शेवटी अशा लोकांविषयी, जे खरोखर लपतात आणि ज्यांना लपण्याचे कारण आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींची नोंद झाली ती हजेरी लावण्यासाठी. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, पण नाव लिहून घेणारा माणूस म्हणजे पोलीस, ही आठवण पिढ्यांमागून पिढ्या टिकली. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला तेव्हाही भटक्या-विमुक्तांची संख्या अंदाजानेच, दहा कोटींहून अधिक, अशी सांगावी लागली. जनगणनेत त्यांची स्वतंत्र मोजणी नव्हती.

अशा माणसांकडे फोनचे जाळे काय घेऊन येते, हे आपण १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षुकी करणारे लोक होते. अफवा व्हॉट्सअॅपवरून फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ज्या बोटांनी ती अफवा पुढे ढकलली, तीच बोटे उद्या आपली लिंक पुढे ढकलणार असतात. गावाच्या ग्रुपवर पालावरचा माणूस सदस्य नसतो. त्या ग्रुपवर तो विषय असतो. तिथे 'भटक्या कुटुंबांची माहिती भरा' असा फॉर्म टाकला तर तो भरणारा गावकरी असेल, आणि पालाची जागा, माणसांची संख्या, गावात आल्याची तारीख ही माहिती आपण नकळत त्याच्या हाती देऊ. संशोधनाला २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सवलत आहे, पण कायद्याची सवलत पालाचे रक्षण करत नाही.

मराठी वाचकाला हा फरक नवा नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाडा'त फिरस्त्यांवर मजकूर आहे. निरीक्षण बारीक आहे, पण ते गावाच्या ओट्यावर बसून केलेले आहे; फिरस्ता तिथे गावावर पडणारा भार म्हणून दिसतो. पुढे १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, १९८७ मध्ये लातूर तालुक्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आले, आणि तेच जग पालाच्या आतून दिसले. आत्मकथन म्हणजे एका माणसाचा नमुना. त्यावरून टक्केवारी काढता येत नाही. पण बोलणारा कोण, कुठून बोलतो, त्याला काय दिसले आणि काय दिसणे शक्य नव्हते, हे त्यात पहिल्या पानापासून माहीत असते. 'गावगाडा'ही त्या अर्थाने प्रामाणिक आहे. लेखक कुठे बसला आहे ते तो लपवत नाही. ग्रुपवरून भरलेल्या हजार फॉर्मांत हेच हरवते. बोलणारा कोण ते कळत नाही, आणि तरीही तो सगळ्या समूहाच्या वतीने बोलतो.

९

तेव्हा काय करावे? लिंक जरूर पाठवावी, पण तिच्यावर क्रमांक असावा आणि एका माणसाने मोजक्यांनाच ती द्यावी. अॅडमिनमार्फत आलेली उत्तरे आणि बरोबरीच्या माणसाकडून आलेली उत्तरे वेगळी ठेवून तपासावीत. त्या दोहोंतला फरक हाच कदाचित त्या अभ्यासातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष ठरेल. लिहिण्याऐवजी बोलून उत्तर देता यावे, आणि आमच्या भागात तरी ते मराठीखेरीज तेलुगू, दखनी, गोरमाटीतही ऐकले जावे. मिस्ड कॉल द्यायचा आणि बाई मोकळी असेल त्या वेळी बाईनेच फोन करायचा, अशी सोय असावी. शिवाय लिंकने आलेल्यांची पडताळणी एखाद्या ठरलेल्या जागी उभे राहून करावी : आठवडी बाजार, एसटी स्टँड, टोळ्या निघतात तो रस्ता. तिथे ज्यांच्याकडे फोन नाही ते भेटतात आणि फॉर्मने कुणाला वगळले ते कळते. यात खर्च आहे आणि वेळ आहे. पाचशे युरोत होणारे हे काम नाही.

तो फॉर्म करणाऱ्यांचा नंबर खाली दिलेला होता. मी त्यांना फोन केला. मुलगी तरुण होती, नम्र होती. मुदत संपत आली आहे आणि मार्गदर्शकांनी चारशे प्रतिसाद सांगितले आहेत, असे तिने सांगितले. मी तिला एकच सुचवले, की ईमेलचा रकाना काढा आणि त्या जागी 'ही लिंक तुम्हाला कुणी पाठवली?' असा प्रश्न घाला. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "सर, पण मग निम्म्या लोकांचं उत्तर एकच येईल."

"तेच लिहा," मी म्हणालो.